स्मॉलटॉक आणि वर्गश्रेणीचे चिरस्थायित्व

ऑब्जेक्ट-ओरिएंटेड आज्ञावलीतील वर्ग व उपवर्ग या संकल्पनांचा उगम ओले-योहान डाल आणि क्रिस्टन नीगार्ड यांनी नॉर्वेत विकसित केलेल्या ‘सिम्युला ६७’ या भाषेत आढळतो. मात्र तेथे वर्गाची व्याख्या मजकुराच्या रूपात लिहून तिचे यंत्रभाषेत रूपांतर केले जाई. चालू आज्ञावलीत वर्गश्रेणीत फेरबदल करण्याची सोय नव्हती.

ही मर्यादा कॅलिफोर्नियातील झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रात १९७० च्या दशकात ओलांडली गेली. ॲलन के, डॅन इंगल्स, ॲडेल गोल्डबर्ग प्रभृतींनी घडविलेल्या स्मॉलटॉकच्या ‘स्मॉलटॉक-८०’ या रूपात प्रत्येक वर्ग हा स्वतःच एक ऑब्जेक्ट आहे. सर्व ऑब्जेक्टांची स्थिती ‘इमेज’ नामक फाइलमध्ये जतन होत असल्याने संगणक पुन्हा सुरू केल्यावर संपूर्ण श्रेणी पूर्ववत उपलब्ध होते. ‘ब्राउझर’च्या खिडकीत एखादी मेथड बदलताच तो बदल आधीपासून अस्तित्वात असलेल्या ऑब्जेक्टांनाही लागू होतो.

या सोयीचे मूल्यही मोजावे लागले. इमेज बिघडल्यास सर्वच काम धोक्यात येई. तसेच अनेकांचे काम एकत्र आणणे कठीण होते. म्हणूनच प्रत्येक बदलाची क्रमवार नोंद ‘चेंजेस’ या वेगळ्या फाइलमध्ये ठेवण्यात आली. १९९६ मध्ये ॲपलमध्ये साकारलेली ‘स्क्वीक’ प्रणालीही जुन्या स्मॉलटॉक-८० इमेजमधूनच विकसित झाली.

सारांश, वर्गश्रेणीच्या चिरस्थायित्वासाठी जिवंत ऑब्जेक्टांइतकीच त्यांच्या लिखित इतिहासाचीही आवश्यकता असते, असे यावरून दिसून येते.