मौजे तळवली आणि गोल्फच्या फटक्याची उपपत्ती

ठाण्याच्या खाडीच्या पूर्वेस, पारसिकच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी असलेले मौजे तळवली हे त्या पट्ट्यातील इतर गावांप्रमाणे भातशेतीवर आणि खाडीवर निर्वाह करणारे आगरी-कोळ्यांचे गाव होते. १९७० साली सिडकोची स्थापना झाली, भूसंपादनाच्या नोटिसा निघाल्या, खाचरांवर वसाहती उभ्या राहिल्या, आणि १ जानेवारी १९९२ पासून नवी मुंबई महानगरपालिकेचा अंमल सुरू झाला तेव्हा मूळ जागी राहिले ते गावठाण. अशा गावातील एखाद्या विद्यार्थ्याने क्रीडाशास्त्राच्या अभ्यासक्रमासाठी गोल्फच्या स्विंगची उपपत्ती हा प्रबंधाचा विषय घेतला, तर हा साहेबांचा खेळ, याचा आपल्याशी काय संबंध, असा संकोच त्याने मनात आणू नये. मुंबई इलाख्यात गोल्फचा क्लब १८४२ साली निघाला, म्हणजे बोरीबंदरहून ठाण्याकडे पहिली आगगाडी सुटण्याच्या अकरा वर्षे आधी. चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ चा, तोही खाडी ओलांडली की लागतो. आणि खारघरच्या डोंगराआड खुद्द सिडकोनेच गोल्फचे मैदान आखले.

माझे पहिले आग्रहाचे सांगणे असे, की पाय किती रुंद ठेवावेत आणि कोपर कोठे असावे या उपदेशांच्या जंत्रीने प्रबंधास आरंभ करू नये. कारण हे उपदेश दर पिढीस पालटत आले आहेत, आणि ते का पालटले हे चेंडू व काठी यांचा इतिहास पाहिल्यावाचून उमगत नाही. चामड्याच्या पिशवीत उकडलेली पिसे ठासून शिवलेला चेंडू महाग असे व पावसात भिजला की निकामी होई. १८४८ च्या सुमारास मलायातील गट्टापर्चा या झाडाच्या चिकापासून चेंडू बनू लागले, आणि गुळगुळीत नव्या चेंडूपेक्षा फटक्यांनी ओरखडे पडलेला जुना चेंडू अधिक सरळ व दूर जातो हे खेळणाऱ्यांच्या ध्यानी आले तेव्हा कारागीर नव्या चेंडूवरच हातोडीने खाचा पाडू लागले. शास्त्रज्ञाची दृष्टी या व्यवहाराकडे वळली ती त्यानंतर कित्येक वर्षांनी. एडिंबरोचे प्राध्यापक पीटर गथ्री टेट यांनी १८९० च्या दशकात गणिताने आणि चेंडूस फीत बांधून तिला पडलेले पीळ मोजण्याच्या साध्या युक्तीने दाखवून दिले, की चेंडू हवेत तरंगत राहतो तो त्याला मिळालेल्या उलट फिरकीमुळे. त्यांचा पुत्र फ्रेडी १८९६ आणि १८९८ साली ब्रिटिश हौशी खेळाडूंचा अजिंक्यवीर झाला व १९०० साली बोअर युद्धात पडला. पित्याच्या कागदावरील समीकरण आणि पुत्राच्या मनगटातील कसब एकाच घरात नांदत होते, ही गोष्ट मला त्या काळच्या सर्व विक्रमांहून मोलाची वाटते.

काठीचा इतिहासही असाच बोलका आहे. हिकरीच्या लाकडाचा दांडा फटक्याच्या वेळी वाकतो तसाच पिळतोही, म्हणून जुने खेळाडू मनगटे सैल ठेवून, वेळ साधून, काठी वळवून आणीत. ब्रिटनमधील नियमकर्त्यांनी १९२९ साली पोलादी दांड्यास मान्यता दिल्यावर तो पीळ जवळजवळ नाहीसा झाला आणि मोठ्या स्नायूंच्या, धडाच्या वळणाच्या स्विंगची शिकवण रूढ झाली. बेन होगनचे १९५७ चे पुस्तक या दुसऱ्या युगातले आहे; त्यातील वचने हिकरीच्या खेळाडूंस लागू करणे म्हणजे कालविपर्यास होय, आणि विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत हा दोष होण्याचा संभव फार असतो.

त्यापुढचा मुख्य आधारग्रंथ ॲलिस्टर कॉक्रन आणि जॉन स्टॉब्ज यांचा, १९६८ चा. खांद्यापासून हातापर्यंत एक दांडा आणि हातापासून काठीच्या टोकापर्यंत दुसरा, अशा बिजागरीने जोडलेल्या दोन दांड्यांच्या प्रतिकृतीने त्यांनी स्विंगचा उलगडा केला. चेंडू आरंभी कोणत्या दिशेस निघतो हे काठीच्या मार्गापेक्षा तिच्या मुखाच्या रोखावर अधिक अवलंबून असते, ही गोष्ट मोजमापाने सिद्ध होऊनही शिकवणाऱ्यांची पुस्तके पुढे कित्येक वर्षे उलटच सांगत राहिली. रडारची यंत्रे मैदानावर आली तेव्हा कोठे हा समज ढळू लागला. नामांकित खेळाडूचे वचन आणि प्रयोगाचा दाखला यांत विरोध आढळला, तर दोन्ही नमूद करून कौल प्रयोगाच्या बाजूने द्यावा.

ग्रंथांच्या दप्तरात न सापडणारे ज्ञानही आहे. चेंबूरच्या मैदानावर पिशव्या वाहणाऱ्या कॅडींपैकी अनेकांनी लोखंडी सळया वाकवून काठ्या केल्या, वस्तीच्या बोळांत प्लॅस्टिकच्या चेंडूंवर सराव केला आणि धन्याच्या हालचाली पाहून स्विंग आत्मसात केला. बळ पायांतून उठून कंबर, खांदे आणि शेवटी हात या क्रमाने वर यावे, हे खळ्यावर भाताची पेंढी झोडणाऱ्या तळवलीच्या जुन्या पिढीस कोणी शिकवावे लागले नव्हते. कॅडींसही लागले नाही. त्यांच्या मुलाखती घेणे हा या प्रबंधाचा सर्वांत मौलिक भाग होऊ शकेल, आणि मुंबई-ठाण्याच्या विद्यार्थ्यास तो अधिकार एडिंबरोच्या विद्यार्थ्यापेक्षा अधिक आहे.

मोजमापाची मर्यादा मात्र आधीच ओळखून घ्यावी. काठी आणि चेंडू यांचा स्पर्श सुमारे अर्धा सहस्रांश सेकंद टिकतो. सेकंदास २४० चित्रे टिपणाऱ्या मोबाइलच्या दोन चित्रांमध्ये त्याच्या आठपट काळ जातो आणि तेवढ्यात वेगवान काठीचे टोक वीतभर पुढे सरकलेले असते. म्हणून स्पर्शक्षणाविषयी कोणतेही विधान त्या चित्रांवरून करू नये. काठी खाली येण्यास लागणाऱ्या सुमारे पाव सेकंदात मात्र साठ चित्रे मिळतात. कंबर आधी वळली की खांदे, आणि मनगटे कितव्या चित्रात सुटली, हे त्यांवरून निश्चित सांगता येते. एका कॅडीची आणि एका शिकाऊ सभासदाची अशी चित्रमालिका घेऊन ती कॉक्रनच्या दोन दांड्यांशी ताडून पाहणे, एवढा विषय एका प्रबंधास पुरेसा आहे.