सावित्रीबाई, प्लेग आणि आपली बैठक

सावित्रीबाई फुले शिक्षिकेचं प्रशिक्षण घ्यायला आपल्या नगरला, मिस फॅरारबाईंकडे आल्या होत्या, हे आपण अभिमानानं सांगतो. आज त्यांच्या शेवटच्या कामाबद्दल बोलू.

1896 साली मुंबईत प्लेग आला, पुढे तो पुण्यात पोचला. सावित्रीबाईंचे चिरंजीव डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ ससाणे मळ्यात, मोकळ्या रानात दवाखाना काढला. बाई स्वतः रुग्णांना तिथं आणत. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर आणलं, असं सांगतात. त्यांनाही लागण झाली आणि 10 मार्च 1897 रोजी त्या गेल्या.

प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो, हे तेव्हा ठाऊक नव्हतं. सिमों नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी ते 1898 मध्ये कराचीत दाखवलं. धोका आहे हे बाईंना कळत होतं. तो येतो कुठून, हे नाही.

कोरोना श्वासातून, बंद खोलीत जास्त पसरतो, हे आपल्याला कळलं. तरी आमच्या गटात बचतीच्या नोटा सॅनिटायझरनं पुसायच्या आणि बैठक मात्र दार लावून! आशाताईंनी टोकलं, तेव्हा बैठक पारावर नेली.

बाईंचं धाडस आपण घ्यावंच. पण त्यांना न मिळालेली माहिती हाताशी असताना ती वापरायची राहू नये. पुढच्या साथीत आधी विचारू, रोग येतो कुठून? मग ठरवू, कुठलं काम थांबवायचं आणि कुठलं उघड्यावर करायचं.