पुण्याची गेलेली दुर्बीण आणि मुळशीचं जाणारं आकाश

परवा रात्री साडेआठच्या सुमाराला आमच्या पट्ट्यात लाईट गेली. नेहमीप्रमाणे पहिली दहा मिनिटं सगळ्यांनी शिव्या घातल्या, मग एकेक जण अंगणात येऊन बसला. मी एका मित्राकडून उसनी आणलेली सहा इंची दुर्बीण आठवडाभर पडवीत धूळ खात पडली होती. ती बाहेर काढली. अर्ध्या तासात आळीतली पंधरा-वीस पोरं आणि त्यांच्यामागे त्यांच्या आया जमल्या. गुरू दाखवला, त्याच्या शेजारी रांगेत बसलेले चार चंद्र दाखवले. मग मृग नक्षत्रात मधले जे तीन तारे आहेत, आपण ज्याला बाण म्हणतो, त्याच्या जरा खाली जो धुरकट ठिपका दिसतो तो दाखवला. सातवीतली एक पोरगी बराच वेळ डोळा लावून होती. म्हणाली, "काका, हे कुणीतरी फुंकर मारल्यासारखं दिसतंय." तेवढ्यात लाईट आली, चौकातला पांढराशुभ्र एलईडी पेटला आणि फुंकर गायब!

त्या ठिपक्याची एक गोष्ट पुण्यात घडलेली आहे, सव्वाशे वर्षांपूर्वीची. मलाही ती फार उशिरा कळली. पत्रकारितेचा डिप्लोमा करताना रोज पीएमटीने शिवाजीनगरहून जायचो, इंजिनिअरिंग कॉलेजची ती जुनी दगडी इमारत रोज दिसायची. कधीकाळी या आवारात देशातली सर्वांत मोठी दुर्बीण होती, हे मला वर्गात कुणी सांगितलं नाही आणि मीही कुणाला विचारलं नाही.

गोष्ट अशी. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात कावसजी दादाभाई नायगमवाला नावाचे तरुण पारशी प्राध्यापक होते, जन्म १८५७ चा. १८८२ साली भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी पाच हजार रुपये दिले, तितकेच मुंबई सरकारने घातले. त्या पैशांतून नायगमवालांनी विलायतेला जाऊन, तिथल्या जाणकारांना भेटून, डब्लिनच्या ग्रब कंपनीकडे वीस इंची आरशाची दुर्बीण बनवायला टाकली. दरम्यान त्यांची बदली पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये झाली, म्हणजे आजच्या सीओईपीमध्ये. मुंबईच्या दमट हवेपेक्षा पुण्याचं आकाश वेधांसाठी बरं, हाही हिशोब होताच. १८८८ मध्ये वेधशाळा उभी राहिली. नाव, महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा.

वीस इंच म्हणजे किती, हे आमच्या पोरांना समजावायला मी सोपा हिशोब सांगतो. दुर्बिणीचा आरसा म्हणजे पावसाखाली ठेवलेली परात. परात जेवढी रुंद, तेवढं पाणी जास्त जमा होणार. माझी सहा इंची, नायगमवालांची वीस इंची, म्हणजे माझ्यापेक्षा जवळजवळ अकरा पट प्रकाश गोळा करणारी. देशात तिच्याएवढी मोठी दुर्बीण पुढे कित्येक दशकं झाली नाही.

आता तो ठिपका. त्या काळी सर नॉर्मन लॉकियर हे इंग्लंडमधलं फार मोठं नाव होतं. त्यांचं म्हणणं होतं की असे तेजोमेघ म्हणजे उल्कांचे थवेच्या थवे, ते एकमेकांवर आपटून तापतात आणि चमकतात. पुरावा काय, तर तेजोमेघाच्या प्रकाशाची फोड केली की एक हिरवी रेषा दिसते, ती त्यांच्या मते मॅग्नेशियमची. पण मॅग्नेशियमची खूण तशी असती तर ती एका बाजूने विरघळत गेलेल्या पट्ट्यासारखी दिसायला हवी. नायगमवालांनी पुण्यातून मृगातल्या याच तेजोमेघावर वीस इंची रोखून वर्णपट तपासला. त्यांना रेषा दिसली ती सरळ, बारीक, धारदार, दोन्ही बाजूंनी कापल्यासारखी. १८९१ च्या सुमारास त्यांनी ते लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापलं. म्हणजे गुलाम देशातला एक प्राध्यापक सरळ सांगत होता की साहेब, तुमचं म्हणणं माझ्या दुर्बिणीत दिसत नाही. ती रेषा खरी कशाची, हे कळायला १९२७ साल उजाडलं. अमेरिकेतल्या आयरा बोवेन यांनी दाखवलं की ती ऑक्सिजनची आहे, फक्त इतक्या विरळ अवस्थेतल्या ऑक्सिजनची की पृथ्वीवर तसं वातावरण सहज मिळतच नाही.

लॉकियर म्हटलं की आपल्याकडे लगेच विजयदुर्ग आठवतो. दर वर्षी १८ ऑगस्टला व्हॉट्सॲपवर फिरतं, हेलियमचा शोध आपल्या विजयदुर्ग किल्ल्यावर लागला. मित्रांनो, मीही एकदा ते न तपासता बातमीत छापलंय, म्हणून हा खुलासा माझ्याकडूनच घ्या. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाच्या वेळी फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन आंध्रातल्या गुंटूरला होते. लॉकियर त्या वेळी इंग्लंडमध्येच होते. त्यांनी ऑक्टोबरमध्ये तिथूनच, ग्रहण नसताना, सूर्याच्या कडेचा वर्णपट पाहिला आणि ती पिवळी रेषा नव्या मूलद्रव्याची असल्याचं पुढे मांडलं. ते विजयदुर्गला आले तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. किल्ल्यावर ज्यांना लोक साहेबाचे कट्टे म्हणतात, ते त्या मुक्कामाशी जोडले जातात. मदतीला मेल्पोमिनी नावाच्या युद्धनौकेचे खलाशी होते. हे काय कमी आहे का? उगाच तीस वर्षं मागे ढकलायची गरज नाही.

त्या १८९८ च्या ग्रहणाने तर महाराष्ट्रात जत्राच भरवली होती. विजयदुर्गला लॉकियर. सोलापूर लाईनवर करमाळा तालुक्यातल्या जेऊरला आपले नायगमवाला आणि त्यांच्याबरोबर कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल. आणि तिकडे वऱ्हाडात तळणी स्टेशनजवळ ब्रिटनच्या हौशी खगोलप्रेमींच्या संघटनेची तुकडी, मॉण्डर नवरा-बायकोसह. ॲनी मॉण्डर यांनी तळणीतून सूर्याच्या प्रभामंडलाचा लांबच लांब झोत फोटोत पकडला, तेवढा लांब तोवर कुणाच्या फोटोत आला नव्हता. काळ कसा होता बघा. पुण्यात प्लेगने थैमान घातलेलं, रँडचा खून होऊन सातच महिने झालेले, टिळक तुरुंगात. अशा दिवसांत नायगमवाला पेट्या, आरसे, काचा रेल्वेत चढवून जेऊरला गेले, दोन मिनिटांच्या अंधारासाठी.

त्याच पुण्यात ट्रेनिंग कॉलेजात शंकर बाळकृष्ण दीक्षित शिकवत होते. मूळचे दापोलीजवळच्या मुरूडचे. भारतीय ज्योतिषशास्त्राचा त्यांनी लिहिलेला इतिहास आजही अभ्यासक उघडतात. पण मला त्यांचं दुसरं पुस्तक जास्त जवळचं वाटतं, 'ज्योतिर्विलास अथवा रात्रीची दोन घटका मौज'. साध्या माणसाने रात्री अंगणात बसून काय बघावं, यासाठी लिहिलेलं. नावातच सगळं आलं. मौज! दीक्षित १८९८ मध्येच गेले, वय अवघं ४४.

आणि दुर्बिणीचं काय झालं? १९११ मध्ये कॉलेजचं नाव बदलून कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग झालं. १९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले, वेधशाळा बंद करण्यात आली आणि सगळी यंत्रं कोडाईकनालला रवाना झाली. झालं. चोवीस वर्षांचा कारभार आटोपला. तिकडेही ती 'भावनगर दुर्बीण' म्हणूनच ओळखली गेली, पुण्याचं नाव तिला चिकटलं नाही. माझं मत विचाराल तर, सगळं काही एका माणसाभोवती उभं राहिलं की असंच होतं. माणूस गेला की कुलूप. आपल्या तालुक्यातल्या किती वाचनालयांचं आणि व्यायामशाळांचं हेच झालंय, नावं घेत नाही.

पुढे जे टिकलं ते हौशी लोकांनी टिकवलं. २२ ऑगस्ट १९४४ रोजी, महायुद्ध चालू असताना, पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली. देशातली सर्वांत जुनी हौशी खगोल संस्था म्हणून तिचं नाव घेतलं जातं. टिळक स्मारक मंदिरात अजून तिचं काम चालतं. टिळक रस्त्यावरच न्यू इंग्लिश स्कूलमध्ये १९५४ साली कुसुमबाई मोतीचंद तारांगण सुरू झालं. मुंबईच्या खगोल मंडळाच्या लोकांनी वांगणीच्या माळावर रात्र-रात्र जागून हजारो लोकांना आकाश दाखवलं. मग १९८८ मध्ये डॉ. जयंत नारळीकरांची आयुका आली. नारळीकर गेल्यावर अनेकांनी त्यांच्या विज्ञानकथांबद्दल लिहिलं, पण आयुकात शाळेच्या पोरांना आरसा घासून स्वतःची दुर्बीण बनवायला शिकवलं गेलं, याबद्दल फार कमी लिहिलं गेलं. काचेच्या दोन चकत्या, मध्ये ओली पूड, आणि तासन् तास घासणं. वरची चकती हळूहळू खोलगट होते, खालची फुगीर. शेवटी जी खोली लागते ती मिलिमीटरच्या हिशोबातली, आणि त्यातली चूक मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागापर्यंत खाली आणावी लागते, तीही हाताने. घरी बसून हे करणारी माणसं पुणे जिल्ह्यात आहेत, आणि माझ्याकडची उसनी दुर्बीण अशीच एकाच्या हातची आहे.

माझी स्वतःची सुरुवात मात्र आजीमुळे झाली. १९९७ च्या पाडव्याच्या आसपास हेल-बॉप धूमकेतू संध्याकाळी वायव्येला नुसत्या डोळ्यांनी दिसायचा, शेपटीसकट. मी सोळा-सतरा वर्षांचा. आजी म्हणाली, "शेंडेनक्षत्र उगवलंय, राजा बदलणार." मी विज्ञानाचं भाषण दिलं. आणि ११ एप्रिलला देवेगौडांचं सरकार पडलं! त्यानंतर आजीला समजावायची माझी काय टाप होती.

तेव्हा तो धूमकेतू आम्ही घराच्या ओट्यावरून पाहिला होता. आज त्याच ओट्यावरून पूर्वेला पाहिलं तर हिंजवडी, बावधन, पिरंगुटच्या बाजूला आकाश रात्रभर नारिंगी-पांढरं असतं. ताम्हिणीच्या बाजूला अजून काळोख आहे, पण खोऱ्यात रिसॉर्ट आणि फार्महाऊस उभी राहतायत आणि प्रत्येकाला डोंगरावर फोकस मारायची हौस. आमच्याकडच्या एका रिसॉर्टवाल्याला मी विनंती केली की बाबा, रात्री अकरानंतर तो फोकस बंद कर. तो म्हणाला, "साहेब, गेस्टला व्ह्यू पाहिजे." रात्रीचा व्ह्यू वर असतो, हे त्याला मी पटवू शकलो नाही.

आणि हे मुळशीत व्हावं याचं मला विशेष वाटतं. आपल्या तालुक्याने उजेडाची किंमत आधीच एकदा मोजलीय. टाटांच्या धरणासाठी, मुंबईच्या गिरण्यांना आणि गाड्यांना वीज मिळावी म्हणून, इथली भाताची खाचरं आणि गावं बुडाली. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीला, सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट, विनायकराव भुस्कुटे आणि नाव न राहिलेले शेकडो मावळे. धरण झालंच. पाणी इथलं, पडतं भिऱ्याला, वीज पेटते मुंबईत. आमच्या कित्येक वाड्यांवर दिवा पोचायला पुढे पिढ्या गेल्या. त्यामुळे "दिवे कमी करा" असं मी कुणाला सांगणार नाही, तो तोंडाळपणा होईल. बिबट्या दारात येतो, बायाबापड्या पहाटे गोठ्यात जातात, कंपनीची शेवटची पाळी रात्री सुटते. दिवा पाहिजेच.

माझं म्हणणं एवढंच की दिव्याचा उजेड खाली, रस्त्यावर पडू दे. आत्ताचे निम्मे दिवे तिरके बसवलेले आहेत, उजेड समोरच्याच्या डोळ्यात आणि ढगात जातो. वरून टोपी लावली, दिवा सरळ खाली वळवला, निळसर पांढऱ्याऐवजी पिवळसर बल्ब घेतला की रस्ता उलट जास्त नीट दिसतो, कारण डोळे दिपत नाहीत. निळा उजेड हवेत जास्त विखुरतो, म्हणून तो आकाश लवकर खातो. हे काही परदेशातलं खूळ नाही. नागपूरजवळच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी सिल्लारी आणि आसपासच्या गावांतले शंभरावर दिवे बदलले, काढले नाहीत. तिथे आता लोक तारे बघायला मुक्कामाला येतात. पुण्याच्या इतक्या जवळ असल्यामुळे आपल्याला तसा दर्जा मिळणं अवघड आहे, हे मला कळतं. पण धरणाच्या पश्चिमेची, ताम्हिणीकडची गावं अजून हातात आहेत. वित्त आयोगातून म्हणा की आमदार फंडातून म्हणा, दिवे तर दरवर्षी बसतातच. ते बसवताना ठरावात एक ओळ घाला, "खाली वळवलेले, टोपीचे, पिवळसर दिवे". येत्या ग्रामसभेत मी आमच्या गावात हा विषय देतोय. तुम्ही तुमच्या गावात द्या. मसुदा हवा असेल तर मेसेज करा, पाठवतो.

तोवर घरच्या घरी एक काम करा. ढग नसताना रात्री नऊला दिवे मालवून कृत्तिका शोधा, मृगाच्या पश्चिमेला, द्राक्षाच्या घोसासारखा तो पुंजका. किती तारे मोजता येतात ते गावाच्या नावासकट खाली कमेंटमध्ये लिहा. परवा लाईट नसताना आमच्या ओट्यावरून सात दिसले. आल्यावर चार.

येत्या अमावास्येच्या शनिवारी आम्ही ताम्हिणी रस्त्याच्या अलीकडच्या पठारावर जमतोय. स्वेटर आणा, बॅटरीला लाल जिलेटीन लावा, गाडीचे हेडलाईट पठारावर चढण्याआधी बंद करा. शनी पश्चिमेला लवकर मावळतो, त्यामुळे सात वाजता या. त्याची कडी सध्या जवळजवळ आडव्या सुईसारखी दिसते, पोरं "कडं कुठाय?" म्हणून विचारतील, तेव्हा आधीच सांगून ठेवा. दुर्बीण एकच आहे. रांग लावावी लागेल, आणि सातवीतली ती पोरगी पहिली आहे, तिने आजच नंबर लावलाय.