ऑनलाइन गेम मध्येच का थांबवता येत नाही?

‘जेवायला ये’ म्हटल्यावर ‘थांब, मॅच चालू आहे’ असं उत्तर आलं की घरच्यांना तो उद्धटपणा वाटतो. पण बीजीएमआयसारख्या गेममध्ये पॉजचं बटणच नसतं. जुना मारिओ एकट्याने खेळायचा, थांबवला तरी कुणाचं अडत नसे. इथे एकाच नकाशावर 100 पर्यंत खेळाडू उतरतात. सुरक्षित वर्तुळ लहान होत जातं, त्याबाहेर राहिलेल्याची ताकद घटते आणि शेवटपर्यंत टिकणारा संघ जिंकतो. यात साधारण अर्धा तास जातो. संघ बहुतेकदा चौघांचा असतो आणि घायाळ गड्याला सोबत्यानेच उठवायचं असतं. मध्येच फोन ठेवणं म्हणजे ऐन चढाईत कबड्डीचं मैदान सोडणं.

हे सोबती अनेकदा वर्गातले किंवा गाव बदललेले मित्र असतात. हेडफोनवर खेळाइतक्याच गप्पाही चालतात. सप्टेंबर 2020 मध्ये पब्जी मोबाइलवर बंदी आली, तेव्हा अनेकांचा हा कट्टाच मोडला. जुलै 2021 मध्ये बीजीएमआय आला.

घरच्यांची तक्रारही खोटी नाही, कारण एक मॅच संपताच दुसरी सुरू करता येते. अडवायचं तर तिथे अडवावं. ‘ही कधी संपेल?’ असं विचारलं, तर खेळणारा सहसा बरोबर अंदाज सांगतो.