तळटीप : नांदेड विद्यापीठाचे स्थापनावर्ष
* स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले ते १७ सप्टेंबर १९९४ रोजी, मुक्तिसंग्राम दिनी. ज्यातून ते वेगळे निघाले त्या औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठाचे नामांतर त्याच वर्षी १४ जानेवारीला झालेले. म्हणून हे विभाजन म्हणजे नामांतराच्या वादावरची निव्वळ तडजोड, असे सर्रास म्हटले जाते. राजकारण होतेच, ते नाकारण्यात अर्थ नाही; पण तेवढ्याने उलगडा होत नाही. नांदेडचे पीपल्स कॉलेज १९५० चे, म्हणजे औरंगाबादच्या विद्यापीठाहून ८ वर्षांनी थोरले; लातूरचे दयानंद महाविद्यालय १९६१ चे. महाविद्यालये असणे म्हणजे विद्यापीठ असणे नव्हे, हा आक्षेप रास्त आहे. तरीही गुणपत्रिकेतल्या दुरुस्तीसारख्या किरकोळ कामाचे कार्यालयसुद्धा नांदेडहून सुमारे २५० किलोमीटरवर असावे, ही अडचण नामांतराच्या कितीतरी आधीची होती.