दरबारखर्च

मुंबईहून पुण्याकडे जाणाऱ्या आगगाडीनें बदलापूर सोडलें म्हणजे वांगणी येण्यापूर्वीं चामटोलीचें शिवार लागतें. ह्याच लोहमार्गानें इ. स. १८८८ च्या जुलैंत एक इंग्रज गृहस्थ वेष पालटून पुण्याहून मुंबईस पळाला. तो कोणी भुरटा चोर नव्हता. तो मध्य भागाचा कमिशनर, आर्थर ट्रॅव्हर्स क्रॉफर्ड होता. मुंबईंत तो पकडला गेला. आणि तेंही ज्या शहरांत त्याच्या नांवाचें मार्केट जवळजवळ वीस वर्षें उभें होतें त्या शहरांत! त्या मार्केटास पुढें महात्मा फुले ह्यांचें नांव मिळालें, तरी लोकांच्या तोंडीं अजून क्रॉफर्डच आहे. असो.

आज ह्या लोहमार्गाच्या आसपास अंबरनाथ-बदलापूरचे लहानमोठे कारखाने आहेत. तेथील एका परिचित कारखानदाराच्या खातेवहींत ‘किरकोळ’ ह्या सदराखालीं दरसाल फुगत जाणारा आंकडा आम्हीं एकदां पाहिला. कारखान्यांतील सर्व दिव्यांचें बिलही त्याहून कमी होतें. आम्हीं पृच्छा केली, तेव्हां तो गृहस्थ हंसून म्हणाला, “हिशेब तपासणारालाही हें सदर ठाऊक आहे. तो त्यावर बरोबरची खूण करतो आणि पान उलटतो.” हें उत्तर ऐकून आम्हांस एकदम पेशवाईची आठवण झाली.

ती कां झाली तें सांगितलें पाहिजे. पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टन साहेबानें जिंकलेल्या मुलखाविषयीं १८१९ सालीं जो अहवाल लिहिला, त्यांत ‘दरबारखर्च’ अथवा ‘अंतस्थ’ ह्या बाबीचा खुलासा आहे. मामलेदार वसुलावर कांहीं जादा रक्कम बसवी, व ती दरबारांतील कारभाऱ्यांस आणि हिशेब तपासणाऱ्या कारकुनांस गुप्तपणें पोंचवी. पुढें ही लांच इतकी अंगवळणी पडली कीं ती ठराविक हक्क होऊन बसली, तिचा हिशेब लिहिला जाऊं लागला, आणि तो हिशेब इतर हिशेबाप्रमाणें तपासून मंजूरही होऊं लागला. आतां लांच उघड हिशेबांत गेल्यावर गुप्त लांच द्यावयास पैसा कोठून आणावा? त्यासाठीं रयतेवर आणखी एक वाढ बसविण्यांत आली! आणि अशा नाजूक व्यवहारांत कोणी बारकाईनें शोध करीत नसल्यामुळें मामलेदार वरिष्ठांच्या नांवानें गोळा करी तें बहुतेक स्वतःच्याच पदरांत टाकी. एल्फिन्स्टन हा जेत्यांचा प्रतिनिधि होता. जितांच्या कारभाराचे दोष त्यास ठळक दिसावे ह्यांत नवल नाहीं. तथापि यंत्राची ही रचना त्यानें अचूक टिपली आहे असें आमचें मत आहे. लांच ही प्रथम अपवाद असते, मग ती दर होते, मग तो दर हिशेबांत शिरतो. आणि त्याच्या मागें नवा अपवाद जन्मास येतो.

जेत्यांच्या स्वतःच्या घरांत काय चाललें होतें तें क्रॉफर्ड प्रकरणानें दाखविलें. हा मनुष्य कर्तबगार होता. १८६५ पासून १८७१ पर्यंत मुंबईचा म्युनिसिपल कमिशनर ह्या नात्यानें त्यानें शहराचें रूप पालटलें, परंतु खर्चाचा मेळ त्यास कधीं राखतां आला नाहीं. शहराचाही नाहीं आणि घरचाही नाहीं. तो कर्जांत बुडाला. हाताखालच्या मामलेदारांकडून नेमणुका, बढत्या व बदल्या ह्यांसाठीं पैसे घेतल्याचा आरोप त्याजवर आला. हे पैसे हणमंतराव नांवाच्या मध्यस्थाच्या हातून जात, असें सरकारचें म्हणणें होतें. हणमंतरावास न्यायालयानें शिक्षा दिली. साहेबाच्या चौकशीसाठीं मात्र स्वतंत्र कमिशन बसलें. त्यानें लांचेच्या आरोपांतून त्यास मुक्त केलें, आणि आपल्याच अंमलांतील लोकांकडून कर्जें काढल्याचा दोष तेवढा पदरीं घातला. नोकरी गेली, तुरुंग टळला. मध्यस्थ दोषी आणि ज्याच्यासाठीं मध्यस्थी झाली तो निर्दोष, हा न्याय पुण्यांतील लोकांस समजला नाहीं, व आम्हांसही समजत नाहीं. ज्याच्या लेखणीच्या फटकाऱ्यावर सावकाराचें बरेंवाईट अवलंबून, त्यास सावकारानें दिलेलें कर्ज केवळ कर्जच कसें राहतें?

परंतु ह्या प्रकरणांतील खरा पेंच मामलेदारांचा आहे. गव्हर्नर लॉर्ड रे ह्याच्या सरकारनें त्यांस अभय दिलें होतें, कीं खरें सांगाल तर तुम्हांस धक्का लागणार नाहीं. त्यांनीं सांगितलें. मग विलायतेंत ओरड झाली, कीं लांच देऊन पद मिळविलेला मनुष्य न्यायाच्या खुर्चीवर बसतोच कसा? अखेर १८८९ सालीं कायदा करून त्यांस खटल्यांपासून वांचविण्यांत आलें, तरी कित्येकांस नोकरी सोडावी लागली. वचनभंग झाला म्हणून त्या वर्षीं पुण्यांत सभा भरली, व टिळकांनीं मामलेदारांची बाजू हिरीरीनें घेतली. टिळकांचें म्हणणें आम्हांस पटतें, पण विलायतेंतील आक्षेपही निव्वळ कांगावा नव्हता. बदली टाळण्यासाठीं पिळला गेलेला एक, व बढतीसाठीं आपण होऊन थैली नेणारा दुसरा, हे दोघे साक्षीदाराच्या पिंजऱ्यांत सारखेच दिसतात.

हा भेद कायद्यास अजून नीट साधलेला नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत कंत्राटांचा पूर आला. कल्याणजवळच्या ज्या लष्करी छावणींतून १९४९ सालीं उल्हासनगर झालें, ती त्याच काळांतली. युद्धखात्याच्या खरेदींतील लांचलुचपत शोधण्यास १९४१ सालीं खास पोलिस पथक निघालें, आणि १९४७ सालीं लांचलुचपतीचा स्वतंत्र कायदा झाला. १९८८ च्या कायद्यांत देणाराच्या जबानीस संरक्षण होतें. लांच देऊं केल्याचें त्यानें सांगितलें तर त्याच जबानीवरून त्याजवर खटला होत नसे. २०१८ सालीं तें कलम गेलें. आतां देणाराही गुन्हेगार आहे. मात्र ज्यास भाग पाडलें गेलें त्यानें सात दिवसांच्या आंत पोलिसांस किंवा तपासयंत्रणेस कळविलें, तर तो सुटतो.

हें आम्हीं त्या कारखानदारास सांगितलें. त्यानें सात बोटें मोजलीं. मग म्हणाला, तक्रार सात दिवसांत होईल, पण परवान्याचें नूतनीकरण मार्चांत आहे, तपासणी त्याच्या आधीं आहे, आणि तक्रारीनंतर येणारा तपासनीसही त्याच कचेरींतून येणार. त्यानें खातेवही मिटली. आम्हींही पुढें कांहीं विचारलें नाहीं.