आज्ञापालन : पूर्णत्वाचा मार्ग

ख्रिस्ती जीवनाचे ध्येय पूर्णत्व हे होय. प्रभू येशूने हे ध्येय केवळ मठवासीयांपुढे ठेविलेले नाही. मागावर बसणारा बाप व चुलीपाशी राबणारी माता यांसही ते तितकेच लागू आहे. मात्र तेथवर जावयाचे कसे, या प्रश्नास पवित्र ख्रिस्तसभेचे उत्तर प्राचीन काळापासून एकच आहे : श्रद्धेने आणि आज्ञापालनाने.

आज्ञापालन म्हणजे दास्य, असा समज पुष्कळांचा असतो. येशूसंघाचे संस्थापक संत इग्नाती लोयोला यांनी १५५३ साली पोर्तुगालमधील आपल्या बंधूंस लिहिलेल्या पत्रात या गुणाच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. सांगितलेले काम करणे ही पहिली. ते मनापासून इच्छिणे ही दुसरी. आणि आपली बुद्धीही त्यास अनुकूल करणे ही तिसरी. वरिष्ठ शहाणा वा सज्जन आहे म्हणून नव्हे, तर तो ख्रिस्ताच्या ठायी आहे म्हणून त्याचे ऐकावयाचे. तथापि प्रार्थना करून आपले भिन्न मत नम्रपणे मांडण्याची मुभाही त्याच पत्रात आहे, आणि जेथे पाप उघड दिसते तेथे आज्ञेचे बंधन नाही. असे आज्ञापालन दास्य कसे म्हणावे? दास भयाने वाकतो. श्रद्धावान प्रेमाने वाकतो.

या शिकवणीचे उदाहरण आम्हांस दूर शोधावयास नको. ज्या पुणे धर्मप्रांतात आमचे सोलापूर मोडते, तो १८८६ साली स्थापन झाला. त्याचे दुसरे बिशप हेन्री डोरिंग हे १८५९ साली जर्मनीत जन्मलेले येशूसंघीय होते. अहमदनगर जिल्ह्यातील केंदळ या खेड्यात राहून त्यांनी मराठी भाषा आपलीशी केली, आणि १९०३ साली तेथूनच ‘निरोप्या’ हे मासिक सुरू केले. १९०७ साली ते बिशप झाले. भाषा, माणसे व कार्य ही तिन्ही त्यांस लाभली होती.

इतक्यात १९१४ साली महायुद्ध पेटले. ब्रिटिश अमलाखालील या देशात जर्मन मिशनरी शत्रुपक्षाचे ठरले. अनेकांस स्थानबद्धता, अनेकांस देशत्याग पत्करावा लागला. मेंढपाळ व कळप यांची ताटातूट झाली. पुढे १९२१ साली पोपमहाशयांनी डोरिंग यांस आर्चबिशपपद देऊन जपानकडे पाठविले, आणि हिरोशिमा येथील मिशनचा भार त्यांच्यावर पडला. साठी उलटलेला पुरुष, परकी भूमी, परकी भाषा! ज्या मराठीसाठी उमेदीची वर्षे वेचली, ती तेथे काय कामाची? तरी ते गेले. १९२७ साली पुन्हा आज्ञा झाली, आणि जपान सोडून ते पुण्यास परतले. पुढे १९४९ साली पुण्याचे आसन या देशाचे सुपुत्र बिशप अँड्र्यू डिसोझा यांच्याकडे आले. ज्याचे रोप आपण लाविले त्याची सावली दुसऱ्यास देणे, हीसुद्धा आज्ञापालनाचीच एक पायरी होय. १९५१ साली आर्चबिशप डोरिंग ख्रिस्तवासी झाले.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्यांच्या जाण्याने केंदळचे काम नष्ट झाले नाही. ‘निरोप्या’ने शंभरी ओलांडली. जे कार्य माणसाचे असते ते माणसाबरोबर जाते. जे देवाचे असते ते माणूस हलविला तरी उभे राहते. हा भरवसा म्हणजेच श्रद्धा, आणि ती नसती तर केंदळहून हिरोशिमापर्यंतचा तो प्रवास निव्वळ फरफट ठरला असता.

आम्ही विणकरांच्या नगरीत राहतो. ताणा ताठ बांधल्यावाचून वस्त्र उतरत नाही, आणि बाण्यावाचून नुसता ताणा म्हणजे मोकळी सुते, हे येथील पोरासही ठाऊक आहे. आज्ञापालन हा ताणा व श्रद्धा हा बाणा होय. आवडते धर्मगुरू बदलून जातात तेव्हा आम्ही कुरकुरतो. आजारपण वा अपयश आले की देवाशी भांडतो. घरातील वडीलधाऱ्यांचा शब्द जड वाटतो. आमचे हिरोशिमा ते हेच. तेथे जाण्यास आम्ही ‘होय’ म्हणतो की नाही, यावरच आमचे पूर्णत्व अवलंबून आहे.

नाझरेथच्या कुमारीने देवदूतास होकार दिला, आणि तिच्या पुत्राने क्रूसापर्यंत तो पाळला. या महोत्सवाच्या वर्षी तोच होकार आमच्या घराघरांतून उमटो, इतकीच प्रभुचरणी प्रार्थना.